रात्री तापणारे पाणी आणि भाड्याचे घर

ब्रिटनमधील बहुसंख्य घरांत पाणी गॅसच्या बॉयलरवर तापते. मात्र ज्या फ्लॅटमध्ये गॅसची जोडणी नसते तिथे कपाटात उभी असलेली तांब्याची किंवा पोलादाची उंच टाकी, तिच्यात बसवलेले एक वा दोन विजेचे रॉड आणि रात्रीच्या स्वस्त विजेची वेगळी नोंद ठेवणारे मीटर अशी व्यवस्था आढळते. उंच इमारतींत गॅस नसण्यामागे काही ठिकाणी एक विशिष्ट इतिहास आहे. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत एका स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला, भिंतीचे तयार काँक्रीट-फलक निखळून इमारतीचा एक अख्खा कोपरा खालपर्यंत ढासळला, आणि त्यानंतर तशाच पद्धतीने उभारलेल्या अनेक इमारतींमधून गॅस काढून टाकण्यात आला. अशा इमारतींतले फ्लॅट आणि पुढे केवळ विजेवर चालतील असेच बांधले गेलेले लहान फ्लॅट आज मोठ्या प्रमाणावर भाड्याने दिले जातात, आणि शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिथे गेलेल्या मराठी कुटुंबांचा या टाकीशी पहिला परिचय बहुधा पाणी गार निघाले त्या सकाळीच होतो.

रात्रीची वीज स्वस्त का, हे समजल्याशिवाय या यंत्रणेतील बिघाड समजत नाही. कोळशाची आणि अणुशक्तीची मोठी केंद्रे संध्याकाळी पूर्ण क्षमतेने चालवून मध्यरात्री बंद करावीत आणि पहाटे पुन्हा सुरू करावीत, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आणि खर्चाचे असते. दुसरीकडे लोक झोपले की विजेची मागणी मात्र झपाट्याने उतरते. ही रात्रीची शिल्लक वीज खपावी म्हणून १९७८ मध्ये ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाची दररचना लागू झाली. नावातच सांगितल्याप्रमाणे तीत रात्रीचे सात तास वीज कमी दराने मिळते आणि त्याच्या मोबदल्यात उरलेल्या सतरा तासांचा दर साध्या एकेरी दरापेक्षा काहीसा चढा असतो. ग्राहकाने त्या सात तासांत पाणी तापवून ठेवावे, विटांनी भरलेल्या ‘स्टोरेज हीटर’मध्ये खोलीसाठी उष्णता साठवावी आणि दिवसभर तीच पुरवून वापरावी, अशी ही कल्पना आहे. वीज स्वस्त असण्याची वेळ निसर्गाने ठरवून दिलेली नाही, ती त्या त्या देशातील वीजनिर्मितीच्या घडणीवर अवलंबून असते, हेही इथे ध्यानात घेण्याजोगे आहे. महाराष्ट्रात सौरऊर्जा वाढल्यानंतर स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सवलत मिळू लागली ती दिवसा, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत. आणि रात्री पाणी तापवण्याची जुनी परंपरा असलेल्या फ्रान्सनेही सवलतीचे काही तास दुपारकडे सरकवायला सुरुवात केली आहे.

महाराष्ट्रातील गीझरची सवय असलेल्या माणसाची या टाकीपुढे पहिली चूक होते ती सवयीमुळेच. पुण्या-मुंबईतील पंधरा किंवा पंचवीस लिटरचा गीझर आंघोळीआधी लावायचा, लाल दिवा विझला की पाणी काढायचे आणि आठवणीने बटण बंद करायचे, ही शिस्त घराघरांत मुरलेली असते आणि ‘गीझर चालू राहिला’ हा घरातला एक गंभीर आरोप असतो. तीच शिस्त ब्रिटनच्या फ्लॅटमध्ये पाळली गेली, म्हणजे आंघोळ उरकल्यावर कपाटाशेजारचे ‘वॉटर हीटर’ असे लिहिलेले बटण बंद केले गेले, तर रात्री सवलतीची वीज येते तेव्हा रॉडकडे जाणारी वाट बंद असते आणि दुसऱ्या दिवशी पाणी गार मिळते. त्या बटणाला दिवसा दाबून काहीच होत नाही, दिवाही लागत नाही, त्यामुळे ते मेलेले आहे असा समज होणे स्वाभाविक असते. वास्तविक ते कायम चालू ठेवण्यासाठीच असते, कारण पाणी कधी तापवायचे हा निर्णय त्या बटणाने नव्हे तर दुसऱ्याच कोणीतरी घ्यायचा असतो.

टाकीची अंतर्रचना साधी असली तरी तिच्यातील एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. गरम पाणी गार पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते वर तरंगते. म्हणून गार पाणी टाकीच्या तळाशी आत घेतले जाते आणि नळांकडे जाणारे गरम पाणी माथ्यावरून काढले जाते. टाकी ढवळली गेली नाही तर गरम आणि गार पाण्याचे थर बराच वेळ एकमेकांवर वेगळे राहतात, आणि गरम पाणी संपते ते हळूहळू कोमट होत जाऊन नव्हे, तर गार थर माथ्याशी पोहोचताच जवळजवळ एकदम. याच गुणधर्माचा फायदा घेऊन टाकीत दोन रॉड आडवे बसवलेले असतात. तळाजवळचा रॉड आपल्या वरचे सगळे पाणी, म्हणजे जवळपास पूर्ण टाकी, तापवतो, आणि तो रात्रीच्या विजेवर असतो; वरच्या भागातील रॉड फक्त माथ्याकडचे थोडे पाणी तापवतो, त्याला ‘बूस्ट’ म्हणतात, आणि अवेळी पाहुणे आले किंवा पाणी लवकर संपले तर तो दिवसाच्या महागड्या विजेवर तासभर लावायचा असतो. जुन्या टाक्यांत दोन वेगळ्या रॉडांऐवजी माथ्यावरून उभा सोडलेला, एक लांब आणि एक आखूड अशा दोन अंगांचा रॉड असतो आणि त्याच्या बटणावर ‘बाथ’ व ‘सिंक’ असे शब्द असतात. ‘बाथ’ म्हणजे न्हाणीच्या टबासाठी पूर्ण टाकी आणि ‘सिंक’ म्हणजे भांड्यांपुरते वरचे पाणी, हे ज्याला ठाऊक नाही तो भाडेकरू महिनोन्‌महिने ‘सिंक’वर आंघोळ करत राहतो आणि टाकीच लहान आहे असे मानतो.

आता थोडे गणित. एक लिटर पाणी एका सेल्सिअस अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॅट-तास ऊर्जा लागते. हिवाळ्यात नळातून १० अंशांचे पाणी येते आणि ते ६० अंशांपर्यंत न्यायचे आहे असे धरले, तर १२० लिटरच्या टाकीला जवळपास ७ युनिट आणि २१० लिटरच्या टाकीला १२ युनिट लागतात. रॉड बहुधा ३ किलोवॅटचा असतो, म्हणजे लहान टाकी सव्वादोन तासांहून थोड्या अधिक वेळात आणि मोठी सुमारे चार तासांत तापते. सात तासांच्या सवलतीत दोन्ही निवांत बसतात, शिवाय टाकी रोज पूर्ण रिकामी झालेली नसते, त्यामुळे प्रत्यक्षात खर्च याहून कमीच येतो. चांगले फोमचे आवरण असलेल्या टाकीतून चोवीस तासांत दीड-दोन युनिटांएवढी उष्णता निसटते. आवरण फाटलेले किंवा मुळातच नसेल तर हा आकडा बराच वाढतो. हे तीन-चार आकडे हाताशी असले की पुढचे निदान मीटरवर वाचता येते.

या यंत्रणेचे वैशिष्ट्य असे की तिच्यातला बिघाड रात्री घडतो आणि सकाळी उघडकीस येतो. साध्या गीझरचा दिवा लागला नाही तर दोष समोर दिसतो. इथे मात्र रात्री काय झाले याचा साक्षीदार कोणी नसतो आणि वीजतंत्रज्ञ दुपारी येतो तेव्हा सवलतीची वीज गेलेली असते. म्हणून ‘रॉड गेला’ असा निष्कर्ष काढून तो बदलण्यापूर्वी ‘वेळ कोण देतो आणि ती वेळ बरोबर आहे का’ हा प्रश्न सोडवणे शहाणपणाचे ठरते. रॉड जळणे ही दुर्मीळ घटना नाही, परंतु वेळेचा घोळ तपासायला पैसे लागत नाहीत आणि हत्यारही लागत नाही, तेव्हा सुरुवात तिथूनच व्हावी.

वेळ देणारी साधने निरनिराळी असतात. काही घरांत टाकीशेजारी भिंतीवर पांढरी चौकोनी डबी असते, तिच्यावर चोवीस तासांची फिरती तबकडी आणि बूस्टचे बटण असते. या डब्या बनवणारी हॉर्स्टमन ही जुनी ब्रिटिश कंपनी पुढे उदयपूरच्या सिक्युअर मीटर्स या भारतीय कंपनीने घेतली, त्यामुळे बाथ किंवा लीड्समधल्या कपाटात राजस्थानशी नाते सांगणारे नाव दिसले तर नवल नाही. तबकडी विजेवर फिरणारी असेल तर वीज गेलेल्या प्रत्येक वेळी ती तेवढी मागे पडते, आणि कालांतराने तिची मध्यरात्र सकाळवर येऊन ठेपते. अशा वेळी टाकी तापते खरी, पण दिवसाच्या दराने, आणि तक्रार गार पाण्याची न येता बिलाची येते. दुसरा प्रकार मीटरशेजारच्या घड्याळाचा. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात भिंतीवरची घड्याळे तासभर पुढे केली जातात, परंतु अनेक मीटरांची घड्याळे वर्षभर ग्रीनिच वेळेवरच राहतात. त्यामुळे हिवाळ्यात रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात असलेली सवलत उन्हाळ्यात दीड ते साडेआठ अशी पडते. सवलतीचे नेमके तास प्रदेशागणिक आणि मीटरागणिक वेगळे असतात, म्हणून शेजाऱ्याकडून ऐकलेली वेळ गृहीत न धरता वीजकंपनीकडून आपल्या मीटरची वेळ लेखी मागवून घेणे बरे.

तिसरा प्रकार सर्वांत कुतूहलाचा आहे, आणि सध्याच्या अनेक तक्रारींचे मूळही त्यातच सापडते. १९८० च्या दशकापासून लाखो घरांतील रात्रीची वीज रेडिओच्या इशाऱ्यावर चालू-बंद होत असे. बीबीसीच्या ‘रेडिओ फोर’ या वाहिनीच्या १९८ किलोहर्ट्झ दीर्घलहरीवर, श्रोत्यांना ऐकू येणार नाही अशा रीतीने लहरीत किंचित फेरफार करून आज्ञा पाठवल्या जात, आणि मीटरशेजारचा ‘रेडिओ टेलिस्विच’ त्या ओळखून खटका पाडत असे. ड्रॉइटविच, वेस्टरग्लेन आणि बर्गहेड या तीन प्रक्षेपण केंद्रांवरून संपूर्ण बेटभर हा संदेश जाई. म्हणजे क्रिकेटचे समालोचन आणि टाकीची आज्ञा एकाच लहरीवरून प्रवास करत होत्या. ही सेवा कालबाह्य झाल्यामुळे ३० जून २०२५ ही ती बंद करण्याची तारीख ठरली आणि त्यानंतर ती विभागाविभागाने टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण स्वीकारले गेले. इशारा थांबला की जुना टेलिस्विच काय करील हे घराघरावर अवलंबून असते: एखाद्या ठिकाणी तो ‘बंद’ स्थितीत अडकतो आणि पाणी तापतच नाही, एखाद्या ठिकाणी ‘चालू’ स्थितीत अडकतो आणि रॉडला दिवसरात्र वीज मिळते, तर कुठे वेळाच सरकतात. मीटरच्या फळीवर ‘टेलिस्विच’ असे लिहिलेली काळी किंवा पांढरी डबी दिसली आणि पाण्याची तक्रार अलीकडची असली, तर रॉडला हात लावण्याऐवजी वीजकंपनीकडे स्मार्ट मीटरची मागणी नोंदवणे हाच उपाय असतो. मात्र ते मीटर पाच जोडण्यांचे, म्हणजे रात्रीच्या मंडलासाठी वेगळी तार बाहेर काढणारे, असावे लागते. साधे चार जोडण्यांचे मीटर बसवले गेले तर दर बदलतो पण रॉडला वेळेवर चालू-बंद करणारे कोणीच उरत नाही.

या पाचव्या जोडणीमुळे आणखी एक फसगत होते. ती तार बहुधा वेगळ्या वीज-फळीकडे जाते. त्या फळीवर फक्त तळाचा रॉड आणि स्टोरेज हीटर असतात आणि ती दिवसभर निर्जीव असते. घर बदलताना किंवा रंगकाम करताना तिचा मुख्य खटका कोणीतरी खाली पाडतो, ती कशाचीच नाही असे वाटून तो तसाच राहतो, आणि आठवडाभराने पाणी गार असल्याची तक्रार सुरू होते. इथे एक सोपी खूण उपयोगी पडते. हिवाळ्यात पाण्याबरोबर स्टोरेज हीटरही सकाळी गार असतील तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे मीटर, टेलिस्विच किंवा त्या वेगळ्या फळीवर, शोधावा. हीटर गरम आणि फक्त पाणी गार असेल तर वीज फळीपर्यंत आलेली आहे आणि दोष टाकीच्या बाजूला आहे.

याहून खोल तपासणी मीटरचे आकडे करून देतात. इकॉनॉमी सेव्हनच्या मीटरवर दोन नोंदी असतात, एक रात्रीच्या आणि एक दिवसाच्या युनिटांची. त्यांना ‘लो’ आणि ‘नॉर्मल’ अशी, किंवा नुसती १ आणि २ अशी नावे असतात. झोपण्यापूर्वी आणि उठल्याबरोबर, पाणी वापरण्याआधी, दोन्हींचे फोटो काढून ठेवावेत. स्टोरेज हीटर असतील तर त्या एका रात्रीपुरते ते बंद ठेवावेत, कारण प्रत्येक हीटर कित्येक युनिटे घेतो आणि हिशेब बिघडवतो. आता १२० लिटरची टाकी संध्याकाळी बऱ्यापैकी रिकामी झाली होती असे समजू. रात्रीची नोंद पाच-सहा युनिटांनी वाढली आणि पाणी गरम आहे, तर सर्व काही ठीक आहे आणि तक्रार असलीच तर पाण्याच्या प्रमाणाची आहे. रात्रीची नोंद जेमतेम अर्ध्या-एक युनिटाने वाढली, म्हणजे फ्रीज आणि रात्रीचे दिवे एवढेच चालले, तर रॉडपर्यंत वीज पोहोचली नाही किंवा रॉडने ती घेतली नाही. रात्री वाढली ती दिवसाचीच नोंद असेल तर घड्याळ चुकलेले आहे किंवा मीटर बसवताना दोन्ही नोंदींची अदलाबदल झाली आहे. या अदलाबदलीत पाणी उत्तम तापते आणि ग्राहक वर्षानुवर्षे स्वस्त विजेचे महाग पैसे भरत राहतो. पाच-सहा युनिटे खर्च होऊनही पाणी कोमट असेल तर उष्णता निर्माण झाली आणि कुठेतरी गेली, असा त्याचा अर्थ होतो. आणि नोंद वीस-एकवीस युनिटांनी वाढली, म्हणजे तीन किलोवॅटचा रॉड सातही तास अखंड चालला, तर थर्मोस्टॅट पाणी तापल्यावरही वीज तोडत नाही अशी रास्त शंका घ्यावी. ही शेवटची शक्यता धोक्याची आहे आणि तिचा विचार पुढे येईल.

दिवसा करता येण्याजोगी एक चाचणीही आहे. नव्या मीटरवर बारीक लाल दिवा असतो आणि त्याच्याशेजारी तो एका युनिटमागे किती वेळा लुकलुकतो हे छापलेले असते. हा आकडा पुष्कळदा १००० असतो. घरातील बाकी सगळी उपकरणे, फ्रीजसुद्धा, काही मिनिटे बंद करून बूस्ट लावला, तर तीन किलोवॅटचा धडधाकट रॉड ताशी तीन हजार, म्हणजे मिनिटाला पन्नास वेळा, तो दिवा लुकलुकवतो. बूस्ट लावूनही दिवा स्वस्थ राहिला तर वरचा रॉड काम करत नाही, किंवा वरचे पाणी आधीच पुरेसे गरम असल्याने थर्मोस्टॅटने वीज तोडलेली आहे. म्हणून ही चाचणी गरम पाणी संपल्यावर करायची असते. वरचा रॉड चालतो पण खालचा रात्री चालत नाही, एवढे कळले तरी येणाऱ्या कारागिराची अर्धी फेरी वाचते. आणखी एक दोष याच चाचणीत उघड होतो: नियंत्रक बदलताना वरच्या-खालच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर सकाळी फक्त एक-तृतीयांश टाकी गरम मिळते आणि बूस्ट मात्र तासन्‌तास चालूनही आटोपत नाही.

खुद्द रॉडचे विकार तुलनेने थोडे आहेत. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज तोडणारी पट्टी, रॉडच्याच डोक्यात बसवलेला असतो. तो ढिला पडला तर पाणी कमी तापते. त्याच्याजवळ आणखी एक सुरक्षा-खटका असतो, जो पाणी प्रमाणाबाहेर तापल्यास पडतो आणि हाताने दाबेपर्यंत पुन्हा जुळत नाही. हा खटका पडलेला असणे हे ‘रॉड गेला’ असे वाटण्याचे एक नेहमीचे कारण असते, पण तो दाबून मोकळे होणे योग्य नाही, कारण तो पडला तो कशामुळे हा प्रश्न तसाच राहतो. शिवाय तो झाकणाच्या आत, वीज वाहणाऱ्या जोडण्यांना लागून असतो. भाडेकरूने ते झाकण उघडू नये. रॉडचे आवरण गंजून आत ओल शिरली की फळीवरील आरसीडी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका, पडू लागतो. रोज मध्यरात्रीच आरसीडी पडत असेल आणि तळाचा रॉड बंद ठेवल्यावर ते थांबत असेल, तर गुन्हेगार सापडला. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधील पाणी खडूच्या थरांतून येत असल्यामुळे जड असते, आणि तापल्यावर त्यातील कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर रॉडवर साचतो. थराखाली रॉड स्वतः अतितप्त होतो, टाकीतून किटलीसारखा सूं-सूं किंवा कडकड आवाज येतो, आणि अखेरीस रॉड जळतो. स्कॉटलंडच्या मऊ पाण्यात ही तक्रार क्वचितच ऐकू येते.

कधीकधी विजेचा काहीच दोष नसतो. गरम आणि गार पाणी एकत्र करणाऱ्या शॉवरच्या नळातील झडप खराब झाली, तर गार पाणी दाबाने गरम पाण्याच्या नळीत शिरते आणि न मागता विसण पडत राहते. मग टाकीच्या माथ्यावरची नळी हाताला चटका देते, पण न्हाणीतल्या नळाला कोमट पाणी येते. टाकीजवळची नळी गरम आहे की नाही, एवढे पाहूनच हा प्रश्न निम्मा सुटतो. गरम पाण्याचा गळका नळही कमी लेखू नये, कारण थेंबाथेंबाने रात्रभर जाणारे पाणी टाकीच्या माथ्यावरचे, सर्वांत गरम पाणी असते.

थर्मोस्टॅटने वीज न तोडणे हा मात्र गैरसोयीचा नव्हे, जिवावरचा विषय आहे. जुन्या पद्धतीच्या टाकीला वरच्या गार पाण्याच्या टाकीतून पाणी मिळते आणि एक उघडी नळी पुन्हा त्या वरच्या टाकीत सोडलेली असते. पाणी उकळू लागले की ते त्या नळीवाटे वर जाऊन पडते. वरची टाकी प्लास्टिकची असेल आणि हा प्रकार दीर्घकाळ चालला तर प्लास्टिक मऊ पडते आणि टाकी फाटू शकते. २००६ मध्ये सॉमरसेटमधील टॉन्टन येथे भाड्याच्या घरात असेच घडून छतावरील टाकीतले उकळते पाणी खालच्या खोलीत कोसळले आणि त्यात एका तान्ह्या बाळाचा मृत्यू झाला. थर्मोस्टॅटसोबत स्वतंत्र सुरक्षा-खटका असण्याचे महत्त्व अशा घटनांनी अधोरेखित केले, पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे रॉड आजही अनेक घरांत टिकून आहेत आणि त्यांत तो नसतो. अनेक फ्लॅटमध्ये गार आणि गरम पाण्याच्या टाक्या एकाच नळकांड्यात एकावर एक बसवलेल्या असतात, त्यामुळे इथे छताकडे पाहण्याचीही गरज नसते: कपाटातून बुडबुड आवाज येणे, वाफ दिसणे, गार पाण्याच्या नळातून गरम पाणी येणे, या खुणा दिसताच दोन्ही रॉडांची बटणे बंद करून घरमालकाला कळवावे. नव्या, बंद दाबाच्या टाक्यांना वरची टाकी नसते. त्यांना दाब आणि तापमान मर्यादेबाहेर गेल्यास पाणी बाहेर सोडणारी झडप असते आणि ते पाणी एका लहान उघड्या फनेलमधून जाताना दिसावे अशी सोय केलेली असते. त्या फनेलमध्ये पाणी वाहताना दिसले तर ते पुसून काढण्याची गोष्ट नसून तक्रार करण्याची गोष्ट आहे, आणि अशा टाकीवर काम करण्यासाठी त्या प्रकाराची वेगळी पात्रता असलेलाच कारागीर लागतो.

याच्या उलट टोकाची चूक काटकसरीपोटी होते. बिल कमी व्हावे म्हणून थर्मोस्टॅट पन्नासच्या खाली आणून ठेवणारे घरमालकही असतात आणि भाडेकरूही. लेजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि ६० अंशांना टिकत नाहीत. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका अधिवेशनात पसरलेल्या न्यूमोनियामुळे त्यांचा शोध लागला, आणि त्यांची लागण पाणी प्यायल्याने नव्हे तर शॉवरचे तुषार श्वासावाटे आत गेल्याने होते. म्हणून टाकीतील पाणी ६० अंशांना साठवावे आणि नळाशी ते मिसळून सौम्य करावे, हाच सर्वमान्य नियम आहे. काटकसर करायचीच असेल तर ती बूस्टच्या बटणावर करावी. ते विसरून चालू राहिले तर प्रत्येक वेळी हात धुतल्यावर वरचा रॉड दिवसाच्या दराने पाणी पुन्हा तापवत बसतो आणि रात्रीच्या सवलतीचा सगळा हेतूच वाया जातो.

इथवरच्या तपासणीत भाडेकरूने एकही स्क्रू काढलेला नाही, आणि तो काढूही नये. इंग्लंडमध्ये सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेकरारात पाणी आणि खोल्या तापवण्याची यंत्रणा दुरुस्त व चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी १९८५ च्या जमीनमालक-भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमाने घरमालकावर टाकलेली आहे आणि करारात उलट काहीही लिहिले तरी ती सहजासहजी टळत नाही. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत, पण दिशा तीच आहे. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार खासगी भाड्याच्या घराच्या विद्युत जोडण्यांची किमान दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचा अहवाल भाडेकरूला द्यावा लागतो. तो मागून घेतला तर त्या वेगळ्या रात्रीच्या फळीवर काय काय आहे हेही त्यात सापडते. मीटर, टेलिस्विच आणि दरांच्या वेळा हा मात्र वीजकंपनीचा प्रांत असतो, आणि बिल भाडेकरूच्या नावावर असेल तर तिच्याशी बोलायचे त्यानेच. प्रत्यक्षात घरमालकाचा एजंट वीजकंपनीकडे बोट दाखवतो, वीजकंपनी घरमालकाकडे, आणि भाडेकरू मधल्या मधे किटलीत पाणी तापवून आंघोळ करत राहतो. मीटरच्या फोटोंचा खरा उपयोग इथेच होतो. ‘पाणी तापत नाही’ या तोंडी तक्रारीपेक्षा ‘स्टोरेज हीटर बंद ठेवून रात्री साडेअकरा ते सकाळी सात या वेळेत रात्रीची नोंद अर्ध्या युनिटाने वाढली, एरवी हीटर मात्र गरम होतात, बूस्ट चालतो’ असा लेखी निरोप फोटोंसह गेला, तर तळाच्या रॉडचा दोष वीजकंपनीवर ढकलता येत नाही. लेखी तक्रारीनंतरही दुरुस्ती झाली नाही तर स्थानिक परिषदेच्या पर्यावरण-आरोग्य विभागाकडे दाद मागता येते, कारण गरम पाणी नसणे हा तिथे राहण्यायोग्य घराच्या व्याख्येशी निगडित विषय आहे.

घराचा ताबा घेताना आणि सोडताना मीटरच्या दोन्ही नोंदी वेगवेगळ्या, त्यांच्या नावांसह, वीजकंपनीला कळवाव्या लागतात. एकच आकडा दिला गेला, किंवा दोन आकड्यांची जागा बदलली, तर आधीच्या भाडेकरूने दिवसा वापरलेली युनिटे नव्याच्या बिलात जमा होण्याची शक्यता राहते.